आजच्या दिवसाला जरा लांब

फेब्रुवारीतला मंगळवार होता. एडिंबरातल्या लीथ वॉक या रस्त्यावर ट्रामच्या थांब्यावर उभा होतो. रात्री पडलेला बर्फ अर्धवट वितळून त्याचा राखाडी, खरबरीत लगदा झाला होता आणि वरून भुरभुर चालूच होती. अशा दिवसाला इकडे एक खास शब्द आहे, ‘ड्रीख’. ओला, करडा, संपता न संपणारा दिवस. हा शब्द म्हणताना घशातून जो ‘ख’ खरवडून काढावा लागतो, त्यातच त्याचा अर्धा अर्थ येतो. मी जाड लोकरीचा, पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा गडद करडा स्कर्ट घातला होता. खाली चामडी बूट, वर कोट. थांब्यावर माझ्याखेरीज एक म्हातारबुवा होते, सत्तरीपुढचे, पायाशी भिजून बारीक झालेलं कुत्रं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे तोंडाकडे नाही, खाली पाहिलं आणि हवापाण्याबद्दल बोलावं तशा सुरात म्हणाले, “आजच्या दिवसाला जरा लांब झाला, पोरा.” मी काही बोलायच्या आत ट्राम आली. आधी कुत्रं चढलं, मग ते. मी मागच्या दाराने चढून लांब जाऊन उभा राहिलो.

एवढंच.

स्कॉटलंडमध्ये, एडिंबरात येऊन मला नऊ वर्षं झाली आणि स्कर्ट घालायला लागून साधारण चार. एवढ्या काळात लोकांच्या प्रतिक्रियांचे डोक्यात आपोआप खण पडले आहेत. एक म्हणजे धावत्या गाडीची काच खाली करून ओरडणारे. त्यांचं फारसं वाटत नाही, कारण काय ओरडले ते कळायच्या आत गाडी पुढच्या सिग्नलला असते. दुसरे अति कौतुक करणारे, “काय हिंमत आहे तुझी!” म्हणणारे. त्यांचा जरा जाच होतो. सकाळी सकाळी मला हिंमत नको असते, सव्वाआठची ट्राम हवी असते. आणि तिसरे न पाहिल्यासारखं करणारे, जे सगळ्यांत जास्त. म्हातारबुवा यांतल्या कुठल्याच खणात बसेनात. पुरुषाने स्कर्ट घातलाय हे त्यांनी मुळी धरूनच चाललं होतं. हरकत होती ती लांबीला. ती कशासाठी, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. खाली लगद्यात भिजेल म्हणून? की या देशात पुरुषाचा घेर गुडघ्याच्या वाटीवर संपतो आणि तिथून वीतभर खाली उतरला की तो बाईचा होतो, म्हणून? ‘आजच्या दिवसाला’ या शब्दांवर भरवसा ठेवला तर पहिलं. आवाजात जे काही होतं, किंवा मला होतंसं वाटलं, त्यावर ठेवला तर दुसरं. दिवसभर ऑफिसात मी ते वाक्य मनातल्या मनात निरनिराळ्या सुरांत म्हणून पाहत होतो. प्रत्येक वेळी अर्थ बदलायचा.

माझी सुरुवात अर्थात किल्टपासून, म्हणजे इथल्या पुरुषांच्या चुण्यांच्या लोकरी घेरापासून झाली. ऑफिसातल्या एका मित्राचं लग्न होतं, मेच्या अखेरीला, वर हायलंड्समध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागात. सगळ्या पुरुषांनी किल्ट घालायचा ठरलं होतं, म्हणून मीही भाड्याने आणला. आधी जाणवलं ते वजन. कमरेला कुणीतरी घट्ट मिठी मारून बसल्यासारखं. आणि मग चर्चच्या पायऱ्या उतरताना जाणवली ती हवा. पँटच्या आत हवा नसते हे मला पँट काढेपर्यंत ठाऊक नव्हतं. प्रत्येक पावलाला मागच्या चुण्या उघडत-मिटत होत्या आणि भात्यासारखी आत झुळूक येत होती, बाहेर जात होती. आता इथे बऱ्याच जणांना वाटेल, चला, आजोबांचं धोतर येणार. येणार नाही. माझे आजोबा रेल्वेत होते आणि शेवटपर्यंत कडक इस्त्रीच्या पँटीत राहिले. वडील लुंगीला ‘अवतार’ म्हणत. पाय मोकळे सोडायची कसलीही परंपरा आमच्या घरात नाही. जे शिकलो ते भाड्याच्या किल्टमध्ये, एका दुपारी.

त्याच संध्याकाळी दुसराही एक धडा मिळाला. हॉटेलच्या बारमध्ये दुसऱ्याच कुठल्यातरी पार्टीतल्या चार-पाच बायका होत्या, चांगल्याच रंगात आलेल्या. त्यांतल्या एकीने मागून येऊन माझ्या किल्टचा काठ उचलला. सगळे हसले. मीही हसलो, कारण तिथे हसायचंच असतं असं वाटलं. खोलीवर आल्यावर मात्र बराच वेळ झोप लागली नाही. ‘आत काय घालता’ हा इथला कधीच शिळा न होणारा विनोद आहे. त्याला उत्तर द्यायचं नसतं, हेही इथलंच.

वर्षभराने स्वतःचा किल्ट शिवायला टाकला. लीथच्या एका आडगल्लीत सहा पायऱ्या उतरून जावं लागतं अशा खोलीत एक बाई किल्ट शिवतात. खोलीत वाफेची इस्त्री आणि लोकर यांचा मिळून एक कोंदट, उबदार वास असतो. मला वाटलं होतं, पहिल्यांदा टार्टन, म्हणजे ज्या-त्या कुळाचा चौकडा, कुठला ते विचारतील. मी उत्तर पाठ करून गेलो होतो. मला स्कॉटिश कुळ कुठलं असणार? तेव्हा ब्लॅक वॉच, तो गडद हिरवा-निळा चौकडा, जो कुणीही बिनधास्त घालावा. पण बाईंनी विचारलं, “कुठल्या महिन्यांत घालणार?” हा प्रश्न मला आजवर एकाही शिंप्याने विचारला नव्हता. मग त्यांनी कापडाचे तुकडे काढले. किल्टचं कापड इथे यार्डामागे किती औंस भरतं त्यावरून ओळखतात. दहा-अकरा औंस म्हणजे नाचणाऱ्यांसाठी आणि गरम देशांत जाणाऱ्यांसाठी. तेरा औंस बाराही महिने चालतं. सोळा औंस ज्याला बाहेर हिंडायचंय त्याला. पलटणीचं जुनं कापड त्याहूनही जड. त्यांनी एकेक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. दहाचं कापड तळहातावर पडलं. सोळाचं बसलं.

सोळाचं घेतलं. आठ यार्ड, म्हणजे सात मीटरहून जास्त कापड एका माणसाच्या कमरेभोवती. यातलं बहुतेक मागच्या चुण्यांत जातं. पुढे सपाट पदर, एकावर एक दोन. सगळं मिळून भरतं दोन किलोच्या आसपास. मग बाई म्हणाल्या, “गुडघ्यांवर बसा, ताठ.” मी फरशीवर गुडघे टेकले. पँटची कंबर असते त्याच्या बरीच वर, बेंबीच्या पातळीला त्यांनी टेप धरली आणि फरशीपर्यंत सोडली. त्यातून एक इंच कमी केला. झालं. उभं राहिल्यावर काठ बरोबर गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध येतो. मी विचारलं, पुढेमागे वाटलं तर लांबी कमी-जास्त करता येईल का? त्यांनी एक अर्धवट शिवलेला किल्ट उलटा करून दाखवला. खाली दुमड नव्हतीच. कापडाचा मूळचा विणलेला काठ, तोच किल्टचा काठ. खालून सोडायला काही नाही, आणि कापायचं म्हटलं तर तो काठच जातो. लांबी एकदा ठरली की ठरली, माणसाचा गुडघा काही हलत नाही, असं त्या म्हणाल्या.

बाईंच्या त्या वाक्यात किल्टचं सगळं शास्त्र आहे असं मला हल्ली वाटतं. किल्टवाल्याला लांबी निवडायची सोयच नाही. ऋतू बदलला की तो वजन बदलतो, मोजे बदलतो. लोकरीचे लांब मोजे गुडघ्याखाली तीन-चार बोटांवर दुमडायचे असतात. उन्हाळ्यात ते घोट्यापर्यंत सोडून देणारेही दिसतात, तसं करणाऱ्यांकडे म्हातारी माणसं वाईट नजरेने बघतात ते सोडा. मधला तो उघडा पट्टा, मोज्याची दुमड आणि किल्टचा काठ यांच्यातला, तेवढाच हवामानाच्या वाट्याला येतो. “गुडघे गारठत नाहीत?” हा प्रश्न फोनवर भारतातून हटकून येतो. गारठतात. पण गुडघ्यांचं काहीसं तोंडासारखं आहे, उघडे राहायची सवय झाली की तक्रार थांबवतात. कमरेपासून मांडीपर्यंत लोकरीचे इतके थर असतात की मधला माणूस भट्टीसारखा गरम राहतो. थंडीचा मुद्दा चालताना येतच नाही. तो येतो बस-थांब्यावरच्या लोखंडी बाकावर बसताना. पहिल्या हिवाळ्यात चुण्या नीट सारून न घेता मी तसाच बसलो होतो. परत तसं कधी केलं नाही.

वाऱ्याचा प्रश्न वेगळा. वेव्हर्ली स्टेशनातून वर प्रिन्सेस स्ट्रीटला जाणारा जो पायऱ्यांचा बोळ आहे, वेव्हर्ली स्टेप्स, तिथला वारा गावात बदनाम आहे. खालून वर येतो. तिथे कळलं की मागच्या चुण्या वजनानेच जागेवर राहतात, उडतो तो पुढचा सपाट पदर. आणि तेव्हाच कळलं की पुढे लटकणारी ती चामड्याची पिशवी, स्पोरन, निव्वळ पैसे ठेवायला नसून कागदावर वजन ठेवावं तशी आहे. पदराला लावतात ती मोठी पिनही त्याच कामाची. ती फक्त वरच्या पदराला लावायची, दोन्ही पदर टाचायचे नाहीत. मी पहिल्यांदा टाचले होते आणि जिना चढताना कापडाने जो आवाज केला तो अजून कानात आहे.

किल्टने वाट मोकळी केली आणि बाकीचे स्कर्ट हळूहळू आले. आधी गुडघ्याच्या जरा वर येणारा जाड सुती, खिसेवाला. मग जुने कपडे विकणाऱ्या एका धर्मादाय दुकानात बायकांच्या कपड्यांच्या रांगेत सापडलेला तो करडा लोकरी, पोटरीपर्यंतचा. आणि एक लिननचा, फिका, पार घोट्यापर्यंत. ही तीन लांबींची तीन हवामानं, असा माझा समज होता. थंडीला लांब, उन्हाळ्याला आखूड, इतकं सरळ गणित. ते तसं नाही हे कळायला दोन वर्षं लागली. कोरड्या थंडीत लांब स्कर्टसारखं सुख नाही. पायांभोवती स्थिर गरम हवेचा एक खांब उभा राहतो आणि बूट त्याचं खालचं तोंड बंद करतात. पण कडक उन्हातही लांबच बरा पडतो, फक्त कापड पातळ आणि घेर मोठा हवा. पायांवर स्वतःची सावली पडते आणि खालून हवा खेळती राहते. आखूड सुती स्कर्ट उन्हाळ्याचा म्हणून घेतला, तर मांड्यांना मांड्या घासून दुसऱ्या दिवशी चालवेना. आत तंग सायकलची चड्डी घालायची युक्ती बायकोने सांगितली. आखूड लांबी खरी कामाला येते ती ओल्या, वाऱ्याच्या, चढउताराच्या दिवशी, म्हणजे लोक म्हणतील ‘आज तरी पँट घाल’ अशा दिवशी. कातडी पुसून कोरडी होते. कापड होत नाही.

आणि पश्चिम किनाऱ्यावर तर हेही सगळं उलटंपालटं होतं. जुलैत तिकडे मिजेस असतात, टाचणीच्या टोकाएवढे चावरे कीटक. त्यांचे ढगच येतात आणि उघडा गुडघा म्हणजे त्यांना पंगत. त्यांच्यासाठी लांब घालावा. पण ताशी अकरा-बारा किलोमीटरच्या वर वारा असला की मिजेस उडत नाहीत. आणि मिजेस उडत नाहीत अशा वाऱ्यात लांब स्कर्ट उडतो. मग सकाळी तंबूतून हात बाहेर काढून ठरवायचं.

लिननच्या स्कर्टची एक फजिती सांगतो. जूनमधला रविवार, स्वच्छ ऊन, म्हणून तो घालून आर्थर्स सीटवर गेलो. ही आमच्या शहराच्या मधोमध असलेली टेकडी, उंची अडीचशे मीटर, म्हणजे काही गिरिभ्रमण नव्हे. अर्ध्यापर्यंत राजासारखा चढलो. गवतावरून घेर सरसरत होता, घोट्यांना थंडगार लागत होता. टेकडीच्या खांद्यावर आलो आणि वारा सुरू झाला. पातळ लांब कापडाचं शीड होतं. आधी ते मागून फुगलं आणि मी न मागता चार पावलं पुढे गेलो. मग वारा फिरला आणि तेच कापड दोन्ही पायांभोवती असं लपेटलं गेलं की पाऊलच टाकता येईना. पुरुषाची टांग मोठी पडते, घेर कमी पडतो, हे गणितही तिथेच कळलं. शेवटचे दगड चढताना मी एका हाताने काठ गोळा करून मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताने दगड. वर पोचलो तोवर समुद्राकडून हार आला. हे इथलं धुकं, उत्तर समुद्रावरून येतं. उच्चार आपल्या हारासारखाच, आणि गळ्यात पडतंही तसंच. दहा मिनिटांत ऊन गेलं, लिनन दमट होऊन पोटऱ्यांना चिकटलं. शेजारी एक पोरगी, विशीची असेल, लांब फुलाफुलांच्या स्कर्टात बसली होती. तिने आपल्या स्कर्टच्या काठाला बाजूला एक सैल गाठ मारून तो गुडघ्यापर्यंत आणला होता. माझ्याकडे पाहून तिने त्या गाठीकडे बोट दाखवलं आणि हसली. मीही गाठ मारली. उतरताना काही अडलं नाही.

गाठ मारायची सोय असलेला पोशाख इथेही एके काळी होता. किल्टच्या आधीचा मोठा किल्ट, गेलिक भाषेत फेलिअ मोर, म्हणजे न शिवलेलं लांबलचक लोकरी कापड. ते चुण्या घालून कमरेला पट्ट्याने बांधायचं, उरलेला वरचा भाग खांद्यावर, पाऊस आला की डोक्यावर, आणि रात्री पट्टा सोडला की तेच पांघरूण. पट्टा कुठे बांधला यावर घेर गुडघ्याच्या वर की खाली ते ठरणार. म्हणजे एकच कापड, आणि लांबी रोजची रोज, हवा बघून. अठराव्या शतकात वरचा अर्धा भाग गेला, धाकटा किल्ट राहिला. १७४६ साली सरकारने बंडानंतर हायलंड्समधल्या पुरुषांना हा पोशाखच बंद केला. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, पुन्हा सापडला तर सात वर्षं समुद्रापार. १७८२ साली बंदी उठली. शतक संपता संपता चुण्या शिवून पक्क्या करायची रीत आली, आणि कापडाचा हवामानाशी चाललेला रोजचा सौदा तिथेच मोडला असं मला वाटतं. लांबी हवेवरून ठरायची ती आता शरीरावरून ठरू लागली, मग नियमावरून, मग रुबाबावरून. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरात आला तेव्हा दरबारात मिरवला तो भडक टार्टनचा किल्ट घालून, आणि तोही गुडघ्याच्या बराच वर. खाली कातडीच्या रंगाचे गुलाबी तंग मोजे. तेव्हा एक सरदारीण म्हणाली म्हणे, महाराजांचा मुक्काम इतका तोकडा आहे तर ते आम्हाला जितके जास्त दिसतील तितकं बरंच. पुढे १८२९ मध्ये चित्रकार डेव्हिड विल्कीने राजाचं चित्र काढलं, त्यात ते गुलाबी मोजे नाहीत.

नियम आणि हवा यांची गाठ पडली की काय होतं, ते पहिल्या महायुद्धात हायलंड पलटणींनी भोगलं. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते. पण खंदकातल्या गुडघाभर चिखलापुढे तिचंही काही चालेना. चिखलाने जड झालेला काठ हिवाळ्यात गोठायचा आणि चालताना गुडघ्यामागची मऊ कातडी कापायचा. चुण्यांत उवा वस्तीला यायच्या. वरून खाकी ॲप्रन बांधून किल्ट झाकत, तरी लांबी तीच, गुडघ्याची वाटी. हे वाचल्यापासून पावसातून घरी आलो की माझा हात आपसूक गुडघ्यामागे जातो. तिथे लाल रेघ असते. दुखत नाही, नुसती असते.

हे सगळं बायकोला ऐकवत होतो त्या मंगळवारी रात्री. म्हातारबुवांचं वाक्यही सांगितलं आणि माझी दोन स्पष्टीकरणंही. ती भाजी चिरत होती. म्हणाली, “तुला एकदा कुणी लांबीवरून बोललं तर दिवसभर विचार करतोयस.” मग बराच वेळ सुरीचाच आवाज. मग म्हणाली, “आम्हाला शाळेत प्रार्थनेनंतर गुडघ्यांवर बसवायच्या. ओळीने. स्कर्टचा काठ जमिनीला टेकला पाहिजे. नाही टेकला तर उभं राहायचं आणि बाई सगळ्यांसमोर दुमड उसवायच्या, ब्लेडने. मग दिवसभर खाली दोरे लोंबत.” मला किल्टवाल्या बाईंची फरशी आठवली आणि मी काही बोललो नाही. ती पुढे म्हणाली, “जूनमध्ये त्याच लांब स्कर्टने पाण्यातून जायचो. ओला काठ पोटऱ्यांना फटाफट लागायचा. वरती उचलला तर त्यावरूनही बोलणी. हवा कशी आहे ते कुणी विचारलंच नाही कधी.”

बसताना मागून हात फिरवून कापड सारून घ्यायचं, जिना चढताना पुढून दोन बोटांनी किंचित उचलायचं, वारा आला की त्याच्याकडे पाठ नाही, बाजू करायची, हे सगळं मला तिनेच शिकवलंय. मी ते कौशल्य म्हणून शिकलो, चाळिशी ओलांडल्यावर, हौसेने. ती आठव्या वर्षी शिकली तेव्हा त्याला कुणी कौशल्य म्हटलं नव्हतं. मी स्कर्टबद्दल उत्साहाने बोलायला लागलो की तिच्या चेहऱ्यावर मधूनच जे येतं, त्याचा अर्थ मला त्या रात्री थोडा लागला. सगळा नाही.

पुरुषांच्या बाबतीत हवामान हे फार सोयीचं कारण आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोमजवळच्या एका मार्गावरच्या रेल्वेचालकांना हाफपँट घालायला मनाई होती, ते स्कर्ट घालून आले. २०१७ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या नाँतचे बसचालक तसेच आले, आणि त्याच आठवड्यात इंग्लंडमधल्या एक्सिटरच्या एका शाळेतली मुलंही, गणवेशातलेच मुलींचे स्कर्ट घालून. सगळीकडे फोटो निघाले, सगळे हसले, आणि हाफपँटला परवानगी मिळाली की स्कर्ट संपले. त्यांना स्कर्ट नको होता, हवा हवी होती. माझंही सुरुवातीचं उत्तर हेच असायचं, “फार मोकळं वाटतं, हवेशीर.” गुडघ्यापर्यंतच्या स्कर्टला ते चालून जातं. लोक मान डोलावतात, किल्टचा भाऊबंद समजतात. पोटरीपर्यंतचा घातला की तेच उत्तर पुरेनासं होतं. गुडघ्यापासून एक बोट, दोन बोटं, चार बोटं खाली, कुठेतरी एक न दिसणारी रेघ आहे, तिच्यापुढे हवामानाचा दाखला चालत नाही. जानेवारीत, शून्याच्या आसपास, लांब स्कर्ट हा आखूड किल्टपेक्षा उघड उघड शहाणपणाचा आहे. तरी बघणाऱ्यांच्या नजरा त्या दिवशीच जास्त येतात. आणि खरं सांगायचं तर मला त्या करड्या स्कर्टात नुसतं गरम वाटत नाही. चालताना त्याचा काठ बुटांवर जो हलका आपटतो, ते मला आवडतं. याला हवामानातलं काही कारण नाही.

तो स्कर्ट मी त्या रात्री हीटरवर वाळत टाकला होता. सकाळी उचलला तर काठाच्या वर चार बोटं एक पांढरी, नागमोडी रेघ उमटली होती, आमच्या घरातल्या पावसाळ्यात गळणाऱ्या भिंतीवर असायची तशी. जीभ लावून पाहिली. मीठ. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात ते, लगद्याबरोबर काठाने प्यालेलं. त्या रेघेच्या खालचं कापड कडक झालं होतं, वाकवलं की कुरकुरत होतं. ब्रशने घासलं, धुतलं, थोडं गेलं. मग पुढच्या ओल्या दिवशी पुन्हा आलं, तेवढ्याच उंचीवर. म्हातारबुवा मला पुन्हा दिसले नाहीत. सव्वाआठच्या ट्रामला मी अजून कुत्री बघतो.

मार्चमध्ये शनिवारी त्या सहा पायऱ्या उतरून गेलो, करडा स्कर्ट घालूनच. बायकोही आली होती, तिला तो वास बघायचा होता म्हणे. किल्टवाल्या बाईंनी चष्मा लावून काठ हातात घेतला, पांढऱ्या रेघेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “हा कापता येईल. याला दुमड आहे.” मग तोच प्रश्न, “कुठल्या महिन्यांत?” मी म्हटलं, नोव्हेंबर ते मार्च, याच बुटांवर. गुडघ्यापर्यंत आणायचा का, असं त्यांनी विचारलं नाही. मी सवयीने फरशीवर गुडघे टेकायला वाकलो. “नाही, नाही, उभे राहा,” त्या म्हणाल्या, आणि एक हात टेबलाला धरून, हळूहळू, स्वतःच खाली गुडघ्यांवर बसल्या. लाकडी पट्टी जमिनीवर उभी धरली आणि तोंडातल्या टाचण्या एकेक काढत माझ्याभोवती सरकू लागल्या. मागच्या बाजूला गेल्यावर त्यांना टाचण्या कमी पडल्या. बायकोने टेबलावरची डबी उचलली आणि त्यांच्याजवळ फरशीवर बसली.